कणकेचं डुक्कर

प्राचीन ग्रीक भाषेत जनावराच्या घट्ट चरबीला 'स्तेआर' म्हणत आणि पाणी घालून भिजवलेल्या गव्हाच्या कणकेला 'स्ताइस'. शब्दकोशात ही दोन्ही बिऱ्हाडं हाकेच्या अंतरावर आहेत. शेजार म्हटला की कुरबुरी आल्याच, पण ह्यांचं तसं नव्हतं. उलट घरोबाच इतका वाढला की पुढे पुढे कोण कुठल्या घरातलं, हे लिहिणाऱ्यांनाही उमगेना.

घोळ उच्चाराने केला. इतिहासकार हिरोडोटसच्या काळी 'स्ताइस'मधला 'आइ' खणखणीत होता. मग ग्रीक जिभेला जरा आळस चढला आणि इसवीसनाच्या आगेमागे ह्या 'आइ'चा नुसता 'ए' होऊन बसला. 'स्ताइस'चं झालं 'स्तेस'. षष्ठी चालवायला गेलात तर चरबीचं 'स्तेआतोस' आणि कणकेचं 'स्तेतोस'. दिवसभर पोथी नकलून काढणाऱ्या माणसाने संध्याकाळी एका 'आ'कडे दुर्लक्ष केलं, तर त्याला फासावर द्यायचं कारण नाही. शाळेत 'दिन' आणि 'दीन' ह्यांच्यामध्ये पाय घसरलेल्या कुठल्याही मराठी माणसाला त्याच्याबद्दल बंधुभावच वाटेल.

ह्या घरोब्याचा सगळ्यात गमतीदार दाखला ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात आहे. हे भाषांतर इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात सुरू झालं. इजिप्तमधून घाईघाईने निघालेले लोक न फुगलेली कणीक तशीच खांद्यावर टाकून निघतात, तिथे 'स्ताइस' बरोबर आपल्या जागी आहे. होशेय ह्या प्रेषिताच्या सातव्या अध्यायात मात्र गडबड झाली. प्रेषित लोकांवर चिडलेला आहे आणि त्यांना रोट्यांच्या तापलेल्या भट्टीची उपमा देतो आहे. कणीक मळल्यापासून ती फुगेपर्यंत भट्टीवाल्याला विस्तव ढोसावा लागत नाही, असं काहीसं त्याचं म्हणणं. मूळ हिब्रूत स्वच्छ कणीक आहे. ग्रीकात तिथे 'स्तेआर' आलं. म्हणजे हा भट्टीवाला चरबी मळतो, आणि मग ती आंबून फुगायची वाट बघत बसतो. वाचणाऱ्यांनी शेकडो वर्षं हे निमूटपणे वाचलं. धर्मग्रंथात असल्यावर चरबीसुद्धा फुगत असणार, एवढी श्रद्धा माणसाजवळ असतेच. कोशकारांनी शेवटी हात टेकले आणि 'स्तेआर'खाली 'कणीक' असाही एक अर्थ देऊन टाकला. भाषेत चूक बरीच वर्षं टिकली की तिचं नाव सातबाऱ्यावर चढतं.

चरबी मळायची म्हटल्यावर नाक मुरडायच्या आधी दिवाळीतले चिरोटे आठवून बघावेत. परातीत थिजलेलं तूप घ्यायचं आणि तळहाताने फेसत बसायचं. मधूनमधून तांदळाची पिठी भुरभुरायची. तूप पांढरंशुभ्र होत जातं, हाताला हलकं लागतं, आणि त्यातला इवलासा गोळा वाटीभर पाण्यात टाकल्यावर तरंगला की साटा झाला. त्या परातीत तूप कुठे संपलं आणि पीठ कुठे सुरू झालं, हे फेसणाऱ्या बाईलाही सांगता येणार नाही. होशेयचं ते ग्रीक वाक्य तिला अर्धं तरी पटेल. साटा आंबायला ठेवायचा म्हटलात तर मात्र ती तुम्हाला स्वयंपाकघराबाहेर काढेल.

ह्या कणीक-चरबीच्या घोळाची नोंद ठेवणारा इंग्रजीतला प्रसिद्ध ग्रीक कोश लिडेल आणि स्कॉट ह्या जोडीचा, पहिली आवृत्ती 1843 सालची. ह्यातले लिडेल म्हणजे 'ॲलिस इन वंडरलँड'च्या ॲलिसचे वडील. ज्या घरात बाप दिवसभर कणीक आणि चरबी वेगळी करत बसला असेल, त्या घरातली मुलगी सशाच्या बिळात पडली नसती तरच नवल.

त्याच ग्रीक बायबलात दानिएलची एक पुरवणी कथा आहे, तीत चरबी आणि गोळा उघडउघड एकत्र येतात. बाबिलोनमध्ये लोक एका अजगराची पूजा करत. राजा म्हणाला, हा बघ जिवंत देव, खातो-पितो. दानिएल म्हणाला, मला परवानगी द्या, तलवार न काठी, असाच मारून दाखवतो. मग त्याने डांबर, चरबी आणि केस एकत्र शिजवले, त्यांचे लाडू वळले आणि अजगराच्या तोंडात घातले. अजगर फुटला. पाककृतीच्या इतिहासात इतका खात्रीचा लाडू दुसरा नसावा. त्याला कथेत 'मादझा' म्हटलंय. हा शब्द मराठीत सरळ 'माझा' असा लिहिता आला असता, पण मग हा लाडू नक्की कोणाचा, असा प्रश्न उगीच उभा राहतो.

'स्तेआर'चं मूळ शोधणारे त्याचं नातं संस्कृतातल्या 'स्त्यै' धातूशी जोडतात. घट्ट होणं, गोठणं हा त्या धातूचा अर्थ. पातेल्यात वितळलेली चरबी गार झाल्यावर जे करते, तेच तिचं नाव. होमरच्या 'ओडिसी'त मात्र ती वितळायलाच बाहेर येते. ओडिसिअस वीस वर्षं घराबाहेर, आणि त्याच्या बायकोशी लग्न करू पाहणारे उमेदवार वाड्यात तळ ठोकून त्याचीच जनावरं कापून खातायत. शेवटी पैज लागते, की ओडिसिअसचं धनुष्य जो वाकवेल तो नवरा. धनुष्य काही वाकेना. तेव्हा त्यांच्यातला पुढारी शेळ्या राखणाऱ्याला हुकूम सोडतो, की आतून 'स्तेआर'चा मोठा चाकाएवढा गोळा आण, विस्तवावर धर, धनुष्याला चोळू. धनुष्य शेकलं, चोळलं, तरी वाकेना ते नाहीच. अंगावर चढलेली चरबी धनुष्याला चोळून उतरत नसते. गंमत म्हणजे होमरच्या ओळीत हा शब्द वृत्तात बसत नाही, म्हणून 'स्तेआतोस'मधले 'ए' आणि 'आ' एकाच अक्षराच्या भांड्यात ओतून 'स्त्यातोस' करावं लागतं. विस्तवाशी नेलेली चरबी छंदातही वितळली.

ॲरिस्टॉटलला असल्या धांदलीत रस नव्हता. त्याने शांतपणे चरबीचे दोन भाग केले. एक 'पिमेले', मऊ, ओघळणारी, गार झाली तरी न थिजणारी. ही डुकराची आणि घोड्याची. दुसरी 'स्तेआर', ठिसूळ, चटकन गोठणारी, शिंगवाल्या आणि वरच्या जबड्यात पुढचे दात नसलेल्या जनावरांची, म्हणजे शेळ्यामेंढ्यांची. घोड्याडुकरांचं कालवण थिजत नाही, शेळ्यामेंढ्यांचं थिजतं, असंही तो लिहून ठेवतो. इतकं लिहायचं तर माणसाने कालवण गार होईपर्यंत थांबायला हवं, आणि भुकेल्या माणसाला ते जमत नाही. तत्त्वज्ञानाला पोट भरलेलं लागतं ते असं. ह्याच 'स्तेआर'वरून पुढे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल ह्याने 'स्टीअरीन' हे नाव काढलं. चरबीवरचा त्याचा मोठा ग्रंथ 1823 सालचा. आज मेणबत्तीत आणि साबणात जे स्टीअरिक ॲसिड असतं, त्याच्या नावात ओडिसिअसच्या वाड्यातला तो गोळा शाबूत आहे. शेव्रल स्वतः 102 वर्षं जगला. चरबीच्या नादी लागून एवढं आयुष्य मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही, आणि डॉक्टरांच्या कानावर ते जाऊ नये.

कोशात ही दोघं शेजारी असली, तरी यज्ञात मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होत्या. चरबी वर जाणारी, कणीक खाली राहणारी. ह्याची सुरुवात देवांशी चलाखी करणाऱ्या प्रॉमिथ्यूसने केली. कवी हेसिअड सांगतो, की देव आणि माणसं मेकोनी ह्या गावी वाटणीला बसली तेव्हा प्रॉमिथ्यूसने एका मोठ्या बैलाचे दोन ढीग केले. एकात चांगलं मांस आणि आतडी, वरून बैलाचं पोट झाकलेलं, म्हणजे दिसायला ओंगळ. दुसऱ्यात नुसती हाडं, पण वरून पांढऱ्या चकचकीत चरबीची दुलई. देवांचा राजा झ्यूस ह्याने दोन्ही हातांनी चरबी उचलली आणि खाली हाडं बघून त्याचं टाळकं सरकलं. हेसिअड लगेच सारवासारव करतो, की झ्यूसला सगळं आधीच ठाऊक होतं. भक्ताला असं म्हणावंच लागतं. पण तेव्हापासून ग्रीक माणूस चरबीत गुंडाळलेली हाडं जाळून देवाला धूर पाठवायचा आणि मांस स्वतः खायचा. आपल्याकडच्या वैदिक पशुयागातही आतड्यांवरचा चरबीचा पडदा, म्हणजे वपा, आधी अग्नीत जायची. देवांना मांसापेक्षा चरबीचा धूर जास्त आवडतो, ह्यावर दोन्हीकडच्या पुरोहितांचं एकमत दिसतं. पुरोहितांना काय आवडायचं, ते त्यातूनच कळतं.

गरिबाकडे मात्र बैल नसायचा, डुक्करही नसायचं. त्याच्याकडे होतं पीठ.

हिरोडोटस इजिप्तमध्ये फिरून आला आणि तिकडचं सगळं कसं उलटं आहे ते त्याने दुसऱ्या पुस्तकात मोठ्या चवीने लिहिलं. इजिप्तचे लोक कणीक पायाने तिंबतात आणि चिखल हाताने कालवतात, असं तो सांगतो. इथे त्याने 'स्ताइस' हाच शब्द वापरलाय. आपल्याकडे एखाद्याची कणीक तिंबायची तर लाथा चालतात, पण पोळ्यांची तिंबताना नाही. थोडं पुढे गेलं की डुक्कर येतं. इजिप्तमध्ये डुकराचा इतका विटाळ, की चालताना चुकून धक्का लागला तरी माणूस अंगावरच्या कपड्यांसकट नदीत बुडी मारायचा. डुकरं राखणाऱ्याला देवळात मज्जाव, आणि त्याची मुलगी कोणी करून घ्यायचं नाही. पण वर्षात एका पौर्णिमेला चंद्राला हेच डुक्कर चालायचं. शेपटीचं टोक, प्लीहा आणि वपा एकत्र ठेवून, पोटावरच्या सगळ्या चरबीने झाकून ते जाळायचे आणि बाकीचं डुक्कर त्याच दिवशी संपवायचे. एरवी ज्याचा एवढा तिटकारा, ते त्याच दिवशी का चालतं? हिरोडोटस म्हणतो, कारण मला माहीत आहे, पण सांगणं बरं दिसत नाही. इतिहासाच्या जनकाने इथे शेजारणीसारखा पदर तोंडाला लावलेला आहे.

आणि मग तो एका ओळीत सांगून टाकतो, की ज्यांना ऐपत नाही ते लोक कणकेची डुकरं करतात, भाजतात आणि तीच वाहतात.

मी ह्या ओळीशी नेहमी रेंगाळतो. त्या इजिप्शियन घरात डुक्कर कोण वळत असेल? ज्या पायांनी कणीक तिंबली, त्या पायांचं काम आता संपलं. आता बोटं हवीत. आधी पोटाचा उंडा, मग चार टेकू, कानांच्या दोन चिमटी, आणि शेपटीची वळी तर हवीच, कारण खऱ्या डुकराच्या शेपटीचंच टोक देवाला जातं. कुठल्याही घरातलं पोर ह्या वेळी आसपास घुटमळणार आणि त्याला वाटणार, डुक्कर जरा आणखी गुबगुबीत करावं. पण कितीही गुबगुबीत केलं, तरी ह्या डुकराला चरबी नाही. आत-बाहेर 'स्ताइस', 'स्तेआर' औषधालाही नाही. देव तो धूर हुंगून काय म्हणत असेल? बहुधा काहीच म्हणत नसावा. फसवून घ्यायची सवय त्याला मेकोनीपासून होती, आणि निदान ह्या डुकरात कपट नव्हतं. कणीक कणकेसारखीच दिसत होती, फक्त तिला कान होते.

ही युक्ती नुसती इजिप्तची नाही. अथेन्समध्ये झ्यूस मैलिखिओसच्या सणाला लोक जनावरांच्या आकाराच्या रोट्या वाहत, असं इतिहासकार थुसिडिडीसच्या जुन्या टीकाकाराने लिहून ठेवलंय. ग्रीकांत 'सातवा बैल' अशी एक म्हणही होती. सहा जनावरांनंतर सातवा बैल पिठाचा, शिंगं असलेला. एखादा माणूस ठोंब्या असला की त्याला सातवा बैल म्हणत. शिंगं आहेत, डोळे आहेत, आत नुसतं पीठ. असे बैल आपल्याकडच्या बैठकांतही दिसतात आणि पुष्कळदा अध्यक्षस्थानी असतात.

पिठाच्या बैलांचा मुकुटमणी पायथॅगोरसचा. काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत सापडला तेव्हा आनंदाच्या भरात त्याने शंभर बैल बळी दिले, अशी एक कथा. हा माणूस मांसाशिवाय जगावं असं सांगणारा, घेवड्याच्या शेंगेलाही घाबरणारा. तो एका कर्णापायी शंभर बैल कसा मारेल? म्हणून पोर्फिरी हा त्याचा चरित्रकार दुरुस्ती करतो, की जाणकारांच्या मते बैल एकच होता, आणि तो 'स्ताइस'चा होता, म्हणजे कणकेचा. इथे हाच सिद्धांत आपल्याकडे सांगणाऱ्या बौधायनाचं नाव काढायचा मोह मी आवरतो, नाहीतर गोष्ट बैलावरून भलतीकडे जाईल. एम्पेडोक्लीसने तर, म्हणतात, ऑलिंपियात घोड्यांची शर्यत जिंकल्यावर धूप, गंधरस आणि भारी मसाले एकत्र करून त्यांचा बैल केला आणि लोकांना वाटला. तत्त्वज्ञ श्रीमंत असला की बैलही सुगंधी होतो.

आपल्या ऐतरेय ब्राह्मण ह्या ग्रंथात हीच गोष्ट उलट्या टोकाने सांगितली आहे. यज्ञाला योग्य असा जो सारभाग, तो आधी माणसात होता, तिथून निसटून घोड्यात गेला, मग गाईत, मेंढीत, बकऱ्यात, आणि शेवटी जमिनीत शिरून तांदूळ झाला. म्हणून तांदळाच्या पिठाची यज्ञातली रोटी, पुरोडाश, म्हणजेच पशू. पुढे त्याची फोडही दिली आहे. कुसं म्हणजे केस, तूस म्हणजे कातडी, कोंडा म्हणजे रक्त, पीठ म्हणजे मांस, आणि त्यातलं सत्त्व ते हाड. एवढं बारकाईने जनावर उभं केलं, पण यादीत चरबी नाही. तांदळात ती शोधून सापडली नसावी.

माणसांच्या ताटात चरबी कमीच यायची. अथेन्सचा रोजचा घास म्हणजे ती मघाची मादझा, भाजलेल्या सातूच्या पिठाचा मळलेला गोळा. कायदेकर्त्या सोलोनने नियमच केला होता, की सरकारी पाहुण्यांना रोज मादझा वाढायची आणि गव्हाची भाजलेली भाकरी फक्त सणाला. मळणारे बहुतेक गुलाम. मळता मळता तोंडात टाकू नये म्हणून त्यांच्या गळ्यात चाकासारखं एक रिंगण अडकवायची पद्धत होती. हात पिठात, तोंड दोन वितींवर आणि मध्ये ती चकती. त्या यंत्राला ग्रीकांनी नावही दिलं होतं. ज्याने ते नाव काढलं तो पोटभर जेवून उठलेला असणार. ॲरिस्टोफेनीसच्या इसवीसनापूर्वी 421 मधल्या 'शांती' ह्या नाटकाचा पडदा, म्हणजे पडदा तेव्हा नव्हता, सुरुवातच होते ती दोन नोकर गोळे मळताहेत इथून. गोळे शेणाचे, कारण मालकाने स्वर्गात उडून जायला एक अवाढव्य शेणकिडा पाळलाय आणि त्याला हाताने नीट मळल्याशिवाय चालत नाही. त्यातला एक नोकर प्रेक्षकांना म्हणतो, एक बरंय, मळता मळता खातो असा आळ माझ्यावर कोणी घेणार नाही. पहिल्या बाकावरचे नागरिक हसले असतील. मागे जर कोणी गळ्यात रिंगण घालणारा बसला असेल, तर तो वेगळ्या कारणाने हसला असेल.

ह्याच ॲरिस्टोफेनीसला चरबीचा आणखी एक शब्द हाताशी होता, 'देमोस'. शेवटच्या स्वरावर आघात दिला तर चरबी, पहिल्यावर दिला तर जनता. लोकशाहीला ज्या शब्दाने नाव दिलं, तो जीभ जराशी घसरली की लोण्याच्या गोळ्यासारखा होतो. 'गांधीलमाश्या' नाटकात एका नोकराला स्वप्न पडतं. त्यात एक हिडीस देवमासा हातात तराजू घेऊन बैलाची चरबी तोलत बसलेला असतो. दुसरा नोकर ऐकून कपाळावर हात मारतो, की मेलो, हा आपल्या जनतेचे तुकडे पाडणार. देवमासा म्हणजे क्लेऑन, तेव्हाचा पुढारी, धंद्याने चामड्याचा व्यापारी. नाटक 422 सालचं, अर्थातच इसवीसनापूर्वीचं. एरवी तारीख सांगितली नसती तर कालच्या पेपरातलं वाटलं असतं.

आणि शेवटी 'पक्षी', आठ वर्षांनी लिहिलेलं. दोन कंटाळलेले अथेनियन पाखरांना सांगतात, की आकाश आणि जमीन ह्यांच्या मधोमध तुमचं शहर बांधा आणि खालून वर जाणारा चरबीचा वास अडवा. त्या वासाला ग्रीकात 'क्नीसा' म्हणतात. देवांचं सगळं पोट त्यावर. शहर उभं राहतं, धूर बंद होतो आणि देव उपाशी पडतात. ही बातमी खाली कोण आणतो? तोच प्रॉमिथ्यूस, ज्याने पहिल्यांदा हाडांवर चरबीची दुलई घातली होती. झ्यूसने वरून बघू नये म्हणून तो डोक्यावर छत्री धरून येतो. मागोमाग देवांचं शिष्टमंडळ वाटाघाटीला येतं: पोसायडन, हेराक्लीज आणि ज्याचं बोलणं कोणालाच कळत नाही असा एक रानटी देव. तिकडे शहराचा म्होरक्या मुद्दाम स्वयंपाक करत बसलाय, लोकशाहीविरुद्ध बंड केलेली पाखरं भाजतोय. हेराक्लीज आला तो कोणाचा तरी गळा दाबायच्या आवेशात. वास नाकात गेला आणि आवाज खाली आला. पाखराचं मांस कसं चांगलं तुपकट असलं पाहिजे, एवढंच तो बोलतो, आणि मग झ्यूसचं राज्य देऊन टाकायला तयार होतो. रानटी देवाच्या बडबडीतून होकार काढला जातो, पोसायडन एकटा पडतो, तह होतो. तहात कबूल झालेली नवरी आणायला सगळे वर निघतात तेव्हा हेराक्लीज म्हणतो, तुम्ही व्हा पुढे, मी मागे थांबून एवढं मांस भाजून ठेवतो. पोसायडन त्याला ओळखून आहे. भाजणार कसला, हादडणार, असं म्हणून तो त्याला वरातीत घालतो.